मुंगी नसलेली जागा

"मुंगीबी न्हवती की हितं," अब्बा म्हणाले, आणि फॉर्मवरच्या 'इतर माहिती' या रकान्यात माझा पेन टेकला तो टेकलेलाच राहिला. ते पुढं आणखी बोलत होते, हात उंच करून बॉयलरची चिमणी कुठवर होती ते संगमेशला दाखवत होते, पण मला ऐकू येईना. माझ्या जिभेवर काहीतरी गोड आलं होतं. सकाळपासून मी बिनसाखरेचा चहा सोडून काही घेतलं नव्हतं. अकरा वाजलेले, सोलापूरचं मार्चमधलं ऊन डोक्यावर, तोंड कोरडं पडलेलं, आणि त्या कोरड्या तोंडात हा गोडवा. मी थुंकलो. नमुने घ्यायच्या जागेवर थुंकायचं नसतं, हे नव्या लोकांना शिकवण्याचं काम कंपनीनं माझ्याकडं दिलेलं आहे.

माझं काम सांगितलं की लोक हसतात. मी मातीचे रिपोर्ट काढतो. कारखाना बंद पडतो, पत्रे विकले जातात, भिंती पडतात आणि मोकळी जमीन कुणीतरी विकत घ्यायला येतं. तेव्हा तिच्या पोटात काय मुरलंय ते बघायला पुण्याहून आम्हांला बोलावतात. भोकं पाडायच्या आधी त्या जागी काम केलेला एखादा जुना माणूस शोधायचा, त्याला जागेवरून फिरवायचं आणि हौद कुठं होते, गटार कुठून वाहायचं, पिंपं कुठं ठेवायचे, हे विचारून फॉर्म भरायचा, असा नियम आहे. भवानी पेठेच्या मागचा चनबसप्पा रंगखाना बंद होऊन सोळा वर्षं झाली. तिथं आता एक संस्था बालवाडी ते चौथीची शाळा बांधणार आहे. रंगखान्यातल्या रंगाऱ्यांपैकी बरेच वारले, काही तेलंगणात आपल्या गावी गेले, एकाला काही आठवत नाही. उरले ते आमचे अब्बा. सव्वीस वर्षं ते तिथं सुताच्या लडी रंगवत होते. मी फॉर्मवर लिहिलं: नाव राजेसाब, काम रंगारी. माहिती देणारा आणि घेणारा यांचं नातं काय, असा रकाना फॉर्ममध्ये नाही.

अब्बा इस्त्रीचा शर्ट आणि नवी टोपी घालून आले होते. घरात आम्ही दखनी बोलतो, पण डॉक्टरसमोर, तलाठ्यासमोर आणि कुठल्याही छापील कागदासमोर अब्बा मराठीत बोलतात. माझ्या हातात फॉर्म बघितल्यावर ते माझ्याशीही मराठीतच बोलायला लागले. मला आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं. पण ते खुशीत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. वेड्या बाभळींतून वाट काढत ते तरातरा चालत होते, हा काळ्याचा हौद, हा निळ्याचा, हितं आमी डबे खायचो, आणि आमचा भोकं पाडणारा संगमेश, जो अक्कलकोटकडचा आणि मुळातच कमी बोलणारा, त्यांच्यामागून लाल फडक्याच्या खुंट्या ठोकत होता. सगळीकडं गाजरगवत कमरेएवढं माजलेलं. फक्त बॉयलरमागच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथं, चार पावलांची जागा स्वच्छ. एक काडी नाही. तिथं अब्बा थांबले, वाकले, चिमूटभर माती बोटांत चुरली आणि म्हणाले, "तुझ्या अम्मीला हितली माती न्यायचो. गुलनाजच्या टायमाला. लई स्वच्छ जागा. मुंगीबी न्हवती की हितं."

तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि माझी बहीण गुलनाज अम्मीच्या पोटात होती. गरोदर बाईला मातीचे डोहाळे लागतात यात आमच्या गल्लीत कुणाला नवल नव्हतं. बाजारात भाजलेल्या मातीच्या वड्या विकायला असायच्या, आया-बाया त्या पदराच्या गाठीत बांधून फिरायच्या. अम्मीला डोहाळे कडक लागले होते. दळण निवडताना खडे चघळायची, पाणी मारलेल्या भिंतीला नाक लावून उभी राहायची. पण बाजारातली वडी अब्बांना चालेना. कुठली माती, कुणी तुडवलेली, कुत्र्यानं काय केलेलं, काय सांगावं. तसे ते स्वच्छतेचे वेडे. रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत रंगलेले, म्हणून लोक पाणी द्यायला बिचकायचे, त्याचा त्यांना फार राग. घरी आल्यावर ते अर्धा तास हात घासायचे. तेव्हा त्यांनी अख्ख्या कारखान्यात हिंडून एक जागा शोधली. जिथं कुणी थुंकत नाही, लघवीला बसत नाही, गवत नाही, किडा नाही. मुंगी नाही. तिथली वरची माती बाजूला सारून खालची घ्यायची, बॉयलरच्या गरम पत्र्यावर भाजायची, आणि संध्याकाळी धुतलेल्या रुमालात बांधून आणायची. सहा महिने, सुट्टीचा दिवस सोडून. रुमाल सोडताना अम्मीच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पुढं कधी बघितलं नाही. ती मला पोरासारखी दिसायची. एकदा तिनं माझ्या जिभेवरही नखभर ठेवली होती. मी थू थू करणार इतक्यात मला ती गोड लागली.

या गोडव्याचं नाव मला विसाव्या वर्षी, कॉलेजच्या पुस्तकात कळलं. शिशाचं एक मीठ असतं, पांढरं, दिसायला साखरेसारखं, चवीलाही गोड. जुने रंगारी त्याच्यावर दुसरं एक पाणी घालून सुतावर हळदी पिवळा चढवायचे. पक्का रंग, चादर फाटेपर्यंत उतरत नाही. पुस्तकात ही एकच ओळ होती आणि खाली एक आकृती होती. मी ती ओळ पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्क मिळवले. रुमालाची आठवण तेव्हा झाली नाही. आपलं डोकंही असं हुशार असतं, त्याला नको ते दोन कागद ते वेगवेगळ्या कपाटांत ठेवतं. आणि मग एक म्हातारा माणूस उन्हात वाकून मुंगीबद्दल काहीतरी बोलतो.

नकाशावर आमची बारा ठिकाणं आधीच ठरलेली होती, चौकोन आखून, नियमाप्रमाणं. कोपरा त्यात नव्हता. मी काही केलं नसतं तर कुणीही मला विचारलं नसतं. जेवणाच्या सुट्टीत मी गाडीत बसून हाच विचार केला. संगमेश भाकरी खात होता, अब्बा त्याला चटणी वाढत होते आणि मी काचेतून त्या दोघांकडं बघत होतो. शाळेची पोरं कोपऱ्यात जातातच. कोपरा हीच तर पोरांची जागा. असं मी स्वतःला सांगितलं आणि उतरलो, पण ते काही खरं कारण नव्हतं. मला कळून घ्यायचं होतं. दुखऱ्या दातावर माणूस जीभ फिरवत राहतो, तसं. मी तेरावी खुंटी स्वतः ठोकली. संगमेशनं एकदा नकाशाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि गिरमिट लावलं.

वरची वीतभर माती साधी, करडी. मग गिरमिटाच्या पात्यातून जे आलं ते बघून संगमेश थांबला. "अरशिण," तो त्याच्या कानडीत म्हणाला, आणि मग माझ्यासाठी, "हळद." मातीत पिवळे थर होते, कुणी मुठी-मुठीनं टाकल्यासारखे. अब्बा पुढं आले, बघून हसले. आमचा हळदी आहे तो, म्हणाले, धुवायची पिंपं मागं पालथी घालायचे ते जिरलं असेल, बघा सोळा वर्षं झाली, उतरला का? आपल्या रंगाचा त्यांना अभिमान वाटत होता. मी तपासायचं यंत्र मातीला लावलं. ते बंदुकीसारखं दिसतं, घोडा दाबून अर्धा मिनिट धरायचं. त्या अर्ध्या मिनिटात मी मनात जे म्हणत होतो त्याला दुआ म्हणतात, मी लहानपणानंतर कधी मागितली नव्हती. मग पडद्यावर शिशाचा आकडा आला. मी तो अब्बांना दिसणार नाही असा हात वळवला. आकडे त्यांना कळतात असंही नाही, पण वळवला.

"चांगली हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

प्रयोगशाळा सांगेल, मी म्हणालो. ते मान हलवून लडी कशा पिळायच्या ते संगमेशला सांगायला गेले. मी नमुना बरणीत भरला, झाकण लावलं, चिठ्ठी लिहिली, तेरा, चाळीस सेंटीमीटर, तारीख, सही. बरणी बर्फाच्या पेटीत ठेवताना माझ्या मनात आलं की ही पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी अशीच पेटीत बंद करून न्यायला हवी होती. मग राग आला, तो अब्बांचा आला. ज्या जागी गवत उगवत नाही, किडा जगत नाही, ती जागा बघून माणसाला शहाणपण येऊ नये? पण हा राग फार वेळ धरता येईना. शेतकऱ्याच्या पोराला कळलं असतं. अब्बा तेराव्या वर्षापासून हौदाच्या काठावर वाढलेले. त्यांच्या जगात मुंगी म्हणजे घाण, गवत म्हणजे घाण आणि मोकळी, भाजकी, कोरडी जमीन म्हणजे स्वच्छ. त्यांनी सगळ्यांत चांगली जागा शोधली होती. हेच मला सहन होईना.

गुलनाज पोटात होती त्या वर्षीचं सूर्यग्रहण सगळ्यांना आठवतं. गल्ली सुनसान, दारं लावलेली, गरोदर बायका आत पडून. आमच्याकडं चादरींचे काठ बांधायचं काम होतं, अजूनही आहे. विणून आलेल्या चादरीच्या टोकांना दशा असतात, त्यांच्या गाठी मारायच्या आणि उरलेले धागे कात्रीनं सारखे करायचे. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. अम्मीनं दार लोटून, आतल्या उजेडाशी बसून, ग्रहण लागलेलं असताना कात्री चालवली. मी शेजारीच होतो. कच कच आवाज येत होता आणि उजेड पातळ ताकासारखा झाला होता. त्या वेळी कुणी काही बोललं नाही. गुलनाज झाली, गोरी, शांत. फारच शांत. तिसऱ्या वर्षापर्यंत ती बोलली नाही, चौथ्या वर्षी भिंत धरून चालली, तेव्हा मोहोळहून झीनत फुफी आली, अब्बांची थोरली बहीण, आणि तिनं बोटांवर महिने मोजले. गिरान कधी लागलं होतं? तू तेव्हा काय करत होतीस? अम्मीनं खरं सांगितलं. खोटं बोलायची युक्ती तिला जन्मात जमली नाही. फुफी फार काही ओरडली नाही, फक्त म्हणाली की पोरीचा धागा तूच कापलास, अजीजा. त्या दिवशी अम्मीनं कात्री खिळ्याला अडकवली. त्यानंतर आजपर्यंत तिनं कात्री हातात धरलेली नाही. ती गाठी मारते, आणि अब्बा संध्याकाळी तिच्यासमोर बसून धागे कापतात. अब्बांनी तिला कधी दोष दिला नाही. उलट कुणी विषय काढला तर ते म्हणतात की जाऊ द्या, चूक माणसाकडूनच होते. अम्मी खाली बघते.

बारा दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. तेरा नंबरच्या समोर जो आकडा होता तो शाळेच्या मैदानाला चालणाऱ्या आकड्याच्या कितीतरी पट होता. मी रिपोर्ट लिहिला. कुठं काही लपवलं नाही. बॉयलरमागची माती दोन मीटरपर्यंत खोदून न्यावी, तोवर बांधकाम करू नये, असं स्पष्ट लिहिलं. शाळेच्या पोरांना ती माती लागणार नाही याची काळजी घेणं सोपं होतं, ती अजून जन्मायची आहेत. 'माहितीचा स्रोत' इथं लिहिलं: माजी कामगार. एका मुलीच्या बाबतीत कुठलीच प्रयोगशाळा सही करून देणार नाही हे मला माहीत आहे. कदाचित जन्माच्या वेळी श्वास कोंडला असेल, कदाचित आणखी काही. पण बाई सहा महिने रोज ती माती खाते आणि पोर अशी होते, यात मला शंका घ्यायला जागा हवी असली तरी सापडेना. म्हणजे आता माझ्याकडं एक गोष्ट होती. ती सांगितली तर अम्मी इतक्या वर्षांनी मोकळी होणार होती. आणि तिच्या अंगावरून जे उतरेल ते तिथंच खोलीत बसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, बाहत्तर वर्षांच्या माणसाच्या अंगावर जाऊन बसणार होतं. मध्ये ठेवायला तिसरी जागा नव्हती. मी खूप शोधली.

शनिवारी सोलापूरला गेलो. अब्बा असरच्या नमाजाला गेले होते. अम्मी आणि गुलनाज खाली चटईवर, मध्ये हिरवी चादर पसरलेली. गुलनाज गाठी मारते, फार सुबक मारते, पण कुठं थांबायचं ते तिला कळत नाही. मारलेली गाठ आवडली की पुन्हा सोडते आणि पुन्हा मारते. मला बघून ती हसली, माझं नाव घेतलं, अर्धंच, तिला तेवढंच येतं. मग माझा हात ओढून तिनं मला एक गाठ दाखवली. पंचवीस वर्षांची बाई. तिच्या केसांत एक पांढरा होता, तो मी पहिल्यांदा बघितला. मला रडू आलं ते मी चहाच्या कपात घातलं.

सांगायचं नाही असं ठरवून मी आलो होतो. पण अम्मीनं चादर गुडघ्यावर ओढत सहज म्हणून विचारलं की रंगखान्याच्या जमिनीत काय निघालं, अब्बा दोन आठवडे मोहल्ल्यात सगळ्यांना सांगत फिरतायत की पोरानं मला विचारून नकाशा केला. आणि मी तिच्या हातांकडं बघितलं. धागा उरला की ती तो दातानं तोडत नाही, ओढत नाही, तसाच बाजूला काढून ठेवते, अब्बांसाठी. चादरीच्या एका कडेला असे कितीतरी धागे लोंबत होते. मी म्हणालो, अम्मी, ते गिरान नव्हतं. तिनं वर बघितलं. मी खालमानेनं, शक्य तितक्या थोड्या शब्दांत सांगितलं. कोपरा. पिंपं. पिवळा रंग. पोटातल्या पोराच्या डोक्यावर शिसं काय करतं. तू कात्री चालवलीस त्यानं काही झालं नाही, त्यानं कधीच काही होत नाही, मी म्हणालो, आणि थांबलो, कारण पुढचं वाक्य अब्बांचं होतं.

ते तिनं स्वतःच पूर्ण केलं असावं. गाठ मारता मारता तिची बोटं थांबली. ती रडली नाही, की मला वाटलं होतं तशी एखादा मोठा श्वास सोडून हलकीही झाली नाही. ती गुलनाजकडं बघत राहिली. खूप वेळानं तिनं जीभ ओठांवरून फिरवली.

"मीठी लगती थी," ती म्हणाली.

मलाही लागली होती, असं मी म्हणालो. बाहेर कुणाच्या तरी यंत्रमागाचा खटखट आवाज चालू होता. मला वाटलं ती आता विचारेल, खात्री आहे का, किंवा झीनत फुफीचं नाव घेईल. फुफी जाऊन सहा वर्षं झाली, तरी घेईल. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला आणि निकाहाला अम्मीला मागं बसवलं होतं, गरोदर बायकांच्या ओटीजवळ येऊ दिलं नव्हतं. हे सगळं आता तिनं परत मागावं असं मला फार वाटत होतं. तिच्यासाठी वाटत होतं की माझ्यासाठी, ते सांगता येणार नाही.

दारात चपला वाजल्या. अब्बा बोळातून कुणाशी तरी बोलत येत होते. अम्मी पुढं झुकली, माझं मनगट धरलं, आणि इतक्या हळू बोलली की मला तिच्या ओठांकडं बघावं लागलं.

"उनकू नक्को बोल. गिरान मेरेच नाम पे रहने दे."

अब्बा आत आले. त्यांच्या हातात रुमालात बांधलेल्या भाजक्या शेंगा होत्या, गुलनाजसाठी. त्यांनी त्या तिच्या मांडीत सोडल्या आणि ती टाळ्या वाजवायला लागली. मला बघून ते खूश झाले. शर्टाचं वरचं बटण सोडत, खाली बसत त्यांनी विचारलं की मातीचं काय झालं. विचारलं ते मराठीत. रिपोर्ट गेला, मी म्हणालो, बरीच माती काढावी लागेल, हौदाजवळची, गटाराजवळची.

"आन कोपऱ्यातली?"

अम्मी चादरीचा काठ सारखा करत होती. तिनं वर बघितलं नाही. गुलनाज शेंगा फोडत होती, एक दाणा स्वतःला, एक अब्बांच्या तळहातावर. त्या तळहातावर अजून, नखांच्या कडेला, पिवळट रेघा आहेत. त्या त्यांच्यासोबतच जातील.

"कोपऱ्यातली चांगली निघाली, अब्बा."

"म्या सांगत हुतो की," ते म्हणाले, आणि कौतुकानं अम्मीकडं बघितलं, जणू त्या रुमालांची पावती आज मिळाली. मग त्यांनी हात वर करून खिळ्यावरची कात्री काढली. अम्मीनं नेहमीसारखी चादर त्यांच्यापुढं सरकवली, लोंबणारे धागे दोन बोटांत ताठ धरले, आणि अब्बा एकेक करून कापत गेले.